बोट काठाला बांधलेली असतानाच इंजिनला पाच मिनटं द्या

पलूसकडच्या नदीकाठच्या एका गावातल्या पोरानं विचारलंय की गावच्या मंडळाकडं फायबरची बोट आहे, मागं ४० एचपीचं टू-स्ट्रोक ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरनं बसतं ते इंजिन, गेल्या पावसाळ्यापास्नं शेडात पडून होतं, आता मे महिन्यात बाहेर काढलं तर चालू होतंय पण चार-पाच मिनटात बंद पडतंय, पेट्रोलच्या पाइपातला रबरी पंप दाबला की परत चालतंय, आणि दोरी ओढताना एकाच्या खांद्याला असा झटका बसला की आठवडाभर हात वर जात नव्हता. तर चालू करायची बरोबर पद्धत काय आणि निघायच्या आधी नेमकं काय काय बघायचं.

भावा, मी बामणोलीकडचा, शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्यात, बोटी चालवत आणि त्यांची इंजिनं उघडत वीस-बावीस वर्षं काढली, पुराच्या कामाला खाली कृष्णेवर पण येऊन गेलोय. तसं बघितलं तर आपण एकाच पाण्यावरचे, आमचं पाणी कोयना धरणातनं सुटलं की कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेत मिळतं आणि तिथनं तुमच्या घाटावर. पण आमच्याकडं पाणी उभं असतं, इंजिन बंद पडलं तर वाऱ्यानं हळूहळू कुठंतरी काठाला लागतो माणूस. तुमच्याकडं पुरात इंजिन बंद पडलं की पुढच्या मिनटाला तू कुठं असशील ते तुझ्या हातात नसतं. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, इंजिनचे बरेचसे रोग पहिल्या पाच मिनटात तोंड दाखवतात, तर ती पाच मिनटं बोट दोन दोरांनी काठाला बांधलेली असताना काढायची, धारेत गेल्यावर नाही. बाकी सगळं ह्याच्या मागनं येतं.

आधी तुझा रोग. चालू होतंय, चार मिनटं चालतंय, बंद पडतंय, पंप दाबला की परत चालतंय, म्हणजे करंट ठीक आहे, पेट्रोल पोचत नाहीये. शंभरातल्या पन्नास वेळा ह्याचं कारण टाकीच्या टोपणावरचा छोटा हवेचा स्क्रू असतो. वाहतुकीत पेट्रोल सांडू नये म्हणून तो बंद करतात आणि मग उघडायचा विसरतात. हवा आत येत नाही, पेट्रोल ओढून ओढून टाकीत पोकळी होते आणि इंजिन उपाशी मरतं. आता बंद पडलं की लगेच त्या रबरी पंपाकडं बघ. पंप चपटा होऊन आत ओढला गेला असेल तर टाकीकडनं अडलंय, म्हणजे स्क्रू बंद, नाहीतर टाकीतल्या नळीच्या जाळीला कचरा. टोपण सैल करताना फुस्स करून हवा आत गेली तर स्क्रूच, दुसरं काही शोधत बसू नको. आणि पंप चपटा नाही, नुसता मऊ पडलाय, तर पाइप कुठंतरी हवा ओढतोय, टाकीकडचं किंवा इंजिनकडचं कनेक्टर नीट बसलं नाही, आतली रबरी रिंग कडक झाली, पाइपला चीर गेली किंवा इंजिनवरच्या फ्युएल पंपाचा पडदा गेला. कनेक्टर बसताना टक आवाज आला पाहिजे, तो न ऐकता पुढं जायचं नाही. पंपावर बाण असतो तो इंजिनकडं तोंड करून हवा, हे मी उगीच सांगत नाही, उलटा जोडलेला पंप दाबून दाबून घामाघूम झालेली माणसं बघितलीत मी.

मी हे शिकलो ते काय पुस्तकातनं नाही. नवीन होतो तेव्हा वासोटा किल्ल्याला जाणारी पार्टी घेऊन निघालो, दुपार टळलेली, स्क्रू बंद, मधोमध पाण्यात इंजिन गेलं. मी आपला प्लग काढ, पूस, परत बसव, दोरी ओढ, पाऊण तास. वारा सुटला आणि बोट आडवी होऊन भलत्याच खोऱ्यात शिरली, लोक घाबरून एका अंगाला गोळा व्हायला लागले. शेवटी पलीकडनं येणाऱ्या एका म्हाताऱ्या नावाड्यानं लांबनंच ओरडून विचारलं, "टोपण उघडलंस का?" त्यानं ते टाकीबद्दल विचारलं का माझ्या डोक्याबद्दल हे मला अजून कळलेलं नाही.

दुसरं, पेट्रोल गेल्या वर्षीचं असेल तर ते काढून टाक, दया माया करू नको. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा धरतं, जास्त झाला की पाणी-इथेनॉल मिळून खाली वेगळा थर बसतो, आणि नळी तर टाकीच्या तळातनंच ओढते. पारदर्शक बाटलीत तळाचं थोडं काढून तासभर ठेव, खाली वेगळा थर दिसला की समजायचं. त्यात कार्बोरेटरमध्ये राहिलेलं जुनं पेट्रोल सुकून चिकट होतं, जेट म्हणजे पेट्रोलचं बारीक भोक बुजतं. टाकी नवी भरून पण इंजिन आयडलला धरत नसेल, चोक थोडा ओढून ठेवला तरच चालत असेल, तर कार्बोरेटर खोलून साफ करण्याशिवाय गत्यंतर नाही. फिल्टरचा ग्लास असेल तर तो पण.

ऑइल मिसळायचं प्रमाण इंजिनच्या पुस्तकात बघ, बऱ्याचशा टू-स्ट्रोक ओबीएमना ५० ला १ चालतं, म्हणजे लिटरला २० मिली, २५ लिटरच्या टाकीला अर्धा लिटर. अंदाजपंचे ओतायचं नाही, कमी झालं तर पिस्टन धरतो, जास्त झालं तर प्लग काळा होतो आणि धूर. आणि ऑइल बोटीचंच घ्यायचं, डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं. मोटरसायकलचं टू-टी ओतणारे खूप आहेत, चालतंय की म्हणतात, पण ते हवेवर गार होणाऱ्या इंजिनासाठी असतं, हे पाण्यावर गार होणारं. एखाद्या मंडळाकडं फोर-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं नाही, त्याचं इंजिन ऑइल वेगळं, ते इंजिन सरळ उभं करून मगच पट्टीवर बघायचं, तिरकं असताना बघितलं की चुकीचं दाखवतं.

पेट्रोल भरताना टाकी बोटीतनं उचलून जमिनीवर ठेवायची. पोरं आळस करतात, बोटीतच कॅनमधनं ओततात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, बोटीच्या तळात फळ्यांखाली बसून राहते आणि नंतर बॅटरीच्या वायरीची एक ठिणगी पुरते. भरताना बिडी-सिगरेट आणि मोबाईलवरचं बोलणं दोन्ही लांब. भरून झाल्यावर सांडलेलं पुसायचं आणि वास जाईपर्यंत थांबायचं. अग्निशामक नळकांडं पावडरचं, बोटीत हाताला येईल असं, इंजिनच्या पाठीमागं कोंबलेलं नाही कारण आग लागली तर तिथंच लागणार.

आता इंजिनला हात लावायच्या आधी बोट. सगळ्यात आधी मागच्या तळातलं बूच. हसू नको. शेडात ठेवताना पाणी निघावं म्हणून बूच काढलेलं असतं, आणि बोट पाण्यात ढकलल्यावर लगेच काही कळत नाही, दहा माणसं बसली की पायाखाली ओलं लागतं आणि तोवर तुम्ही काठापासनं लांब गेलेले असता. आम्ही बूच काढलं की ते इंजिनच्या दोरीच्या मुठीलाच बांधून ठेवतो, म्हणजे दोरी ओढायला गेलं की बूच हातात येतं. मग मागची फळी जिच्यावर इंजिन बसतं, ती अंगठ्यानं दाबून बघ, आतलं लाकूड कुजलेलं असलं तर दबतं किंवा इंजिन हलवलं की फळी हलते. इंजिनचे दोन्ही स्क्रू हातानं फिरतील तेवढे आवळायचे आणि वर इंजिनला साखळी किंवा जाड दोर बोटीला बांधलेला पाहिजेच, कारण थरथरीनं स्क्रू सैल होतात आणि मग लाखभराचं मशीन नदीत.

पंखा बघताना लाल दोरी, म्हणजे इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचची क्लिप, काढलेली पाहिजे आणि चावी असेल तर खिशात. बंद इंजिनचा पंखा पण हातानं फिरवला तर एखादेवेळी इंजिन उचल खातं. पंख्याच्या मागं शाफ्टवर मासेमारीची तंगूस गुंडाळलेली असते, ती वरनं दिसत नाही, सील कापते आणि मग गिअर ऑइलमध्ये पाणी शिरतं. पंख्याचा नट अडवणारी स्प्लिट पिन जाग्यावर आहे का ते बघ. गिअर ऑइल खालच्या स्क्रूतनं थोडंसं सोडून बघ, मधासारखं किंवा काळपट आलं तर ठीक, ताकासारखं पांढरं आलं तर पाणी शिरलंय. वर्षभर पडलेल्या इंजिनला हे केल्याशिवाय पाण्यात घालायचंच नाही.

आणि कोरडं चालू करून बघायचं नाही, शेडात तर अजिबात नाही. इंजिन गार ठेवायला पाणी ओढणारं चाक, म्हणजे इंपेलर, रबराचा असतो, पाण्याशिवाय काही सेकंदात जळतो आणि वरनं काही दिसत नाही, नदीत गेल्यावर इंजिन तापून बसतं. घरी बघायचं असेल तर पंखा काढून खालचा पाय मोठ्या ड्रममध्ये, पाणी घेण्याच्या जाळीच्या बरंच वरपर्यंत. आणि उघड्यावर, धुरात माणूस बसू नये म्हणून.

चालू करायची पद्धत. बोट बांधलेली, पंखा पूर्ण पाण्यात, खाली चिखल नाही, कमीत कमी मांडीभर पाणी. इंजिन सरळ खाली उतरवून लॉक लागलंय का बघायचं, नाहीतर रिव्हर्स घातलं की पाय वर उचलतो. लाल दोरीची क्लिप बसवायची आणि दुसरं टोक मनगटाला किंवा जॅकेटच्या पट्ट्याला, नुसतं इंजिनवर लटकवून ठेवलं तर ते काय कामाचं. तू धक्क्यानं पाण्यात पडलास तर क्लिप निघून इंजिन बंद पडावं ह्यासाठी ती आहे, नाहीतर बिनमाणसाची बोट गोल गोल फिरत तुझ्याच अंगावर येते. टोपणाचा स्क्रू उघडा. पंप टणक होईपर्यंत दाबायचा, इंजिनकडचं तोंड वर धरून दाबला तर लवकर भरतो. गिअर न्यूट्रल, आणि लिव्हर मधे दिसतंय म्हणून विश्वास ठेवायचा नाही, हलवून खात्री करायची. थ्रॉटल स्टार्टच्या खुणेवर. इंजिन गार असेल तर चोक ओढायचा, गरम असेल तर नको.

मग मागं वळून बघायचं, तुझ्या कोपराच्या मागं कोणाचं तोंड आहे का. उभं राहून ओढायचं नाही, एक गुडघा टेकून बसायचं किंवा पाय फाकून घट्ट. दोरी पहिली हळू ओढायची, आत धरल्यासारखं लागेपर्यंत, आणि तिथनं एका दमात सरळ रेषेत जोरात. खांद्याला झटका बसला त्याचं कारण हेच, अर्धवट, घाबरत ओढली की पिस्टन वर पोचतो पण पार होत नाही आणि उलटा लाथ मारतो. दोरी बोटाभोवती गुंडाळून तर कधीच धरायची नाही, मुठीनंच. आणि सुरू झालं म्हणून मूठ सोडून द्यायची नाही, हातानं परत आत नेऊन ठेवायची, नाहीतर स्प्रिंग तुटते. पद्धत बरोबर असून पण सारखी लाथ बसत असेल तर टायमिंग बघून घ्या, ते मेकॅनिकचं काम.

चार-पाच ओढीत नाही झालं आणि पेट्रोलचा वास यायला लागला तर फ्लड झालंय, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालंय. चोक आत ढकल, थ्रॉटल पूर्ण उघड, पाच-सहा वेळा ओढ, पण चालू होताच थ्रॉटल लगेच खाली आणायची तयारी ठेव. नाहीच झालं तर पाच मिनटं शांत बस, चहा पी, मग प्लग काढून पूस. चावीचं इंजिन असेल तर एका वेळी पाच-सात सेकंदापेक्षा जास्त चावी धरायची नाही, मधे थांबायचं, आणि चालू इंजिनवर चावी परत फिरवायची नाही. आणि खूप ओढूनही ठिणगीच नाही असं झालं तर पहिल्यांदा लाल क्लिप बसलीय का ते बघायचं, माझ्यासकट सगळ्यांची ह्यात लाज गेलेली आहे.

चालू झालं की पहिली नजर पिचकारीवर. इंजिनच्या बाजूनं पाण्याची बारीक धार बाहेर पडते, ती आली म्हणजे आतला इंपेलर पाणी ओढतोय. काही सेकंदात नाही आली तर बंद. इंजिन बंद करून त्या भोकात बारीक तार घालायची, पुराच्या पाण्यात गाळ असतो, भोक नुसतं बुजलेलं असतं बऱ्याचदा. तरी नाही आली तर जाळीला प्लास्टिक चिकटलंय का बघ, नाहीतर इंपेलर गेला. वर्षभर सुकून पडलेल्या इंपेलरची पाती एका बाजूला वाकून तशीच कडक होतात, तुमच्यासारख्या वर्षातनं एकदा चालणाऱ्या इंजिनला दर वर्षी जूनच्या आधी नवा टाकलेला बरा, इंजिनच्या मानानं त्याची किंमत काहीच नाही.

आता ती पाच मिनटं. चोक हळूहळू आत, इंजिन आयडलला बसू दे. बांधलेल्या अवस्थेतच एकदा फॉरवर्ड, एकदा रिव्हर्स घालून बघ, दोर ताणला जातो का. गिअर टाकताना थ्रॉटल एकदम खाली आणि झटक्यानं एका हालचालीत, हळूहळू घातला की कुरकुर करून दात झिजतात. हॅन्डल ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत फिरतंय का. मग लाल दोरी मुद्दाम ओढून बघ, इंजिन गपकन बंद पडलं पाहिजे. बंद पडलं नाही तर त्या दिवशी बोट जात नाही, वर कोणीही बोंबलू दे. परत चालू कर, गरम इंजिन एका-दोन ओढीत झालं पाहिजे, न झालं तर धारेत पण होणार नाही हे लक्षात ठेव. तुझा चार मिनटांचा रोग सुद्धा इथंच, काठाला, बांधलेल्या बोटीत सापडतो.

तोवर बाकीच्यांनी बघायचं, बोटीत दोन वल्ही किंवा लांब बांबू, नांगर आणि त्याला भरपूर दोर, पाणी उपसायला बादली, टॉर्च, शिट्टी, स्पेअर प्लग आणि त्याचा पाना, पक्कड, धारदार सुरी, स्टार्टरची जादा दोरी. सुरी कशाला तर तुमच्या भागासाठी खास. आमच्याकडं उन्हाळ्यात शिवसागर उतरलं की जुनी खोडं आणि बुडालेल्या गावांचे चौथरे वर येतात, तेवढाच त्रास. तुमच्याकडं पुरात बोट शेतावरनं जाते, खाली ऊस, पंपाच्या वायरी, ठिबकच्या नळ्या आणि द्राक्षबागेच्या तारा. बागेवरनं बोट कधीच घालू नका, मांडवाच्या तारेत पंखा अडकला की इंजिन जाग्यावर बसतं, मागनं धार ढकलते आणि बोट आडवी होते. रस्त्याच्या वरनं चालायचं, दोन्ही बाजूची झाडं बघत. आणि पाणी चढलं की वरच्या विजेच्या तारा डोक्याला लागतील एवढ्या खाली आलेल्या असतात, त्या भागाची लाइन बंद केलीय हे महावितरणच्या माणसाकडनं फोनवर कानानं ऐकल्याशिवाय तिकडं जायचं नाही, कुणीतरी सांगितलं म्हणून नाही.

माणसं किती घ्यायची ह्यावर मी जास्त लिहीत नाही, २०१९ च्या ऑगस्टमध्ये तुमच्याच तालुक्यात ब्रह्मनाळला पुरात माणसांनी भरलेली बोट उलटून काय झालं ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळनं बघितलंय. एवढंच की बोटीवर जो आकडा लिहिलाय त्यात ड्रायव्हर पण आला, आणि तो आकडा शांत पाण्याचा आहे, पुराच्या धारेत त्याच्यापेक्षा कमी. जॅकेट काठावर घालून बक्कल लावूनच पाय आत. सगळे खाली बसलेले, वजन मधे. कोण उतरणार आणि कोण थांबणार हे ठरवणारा माणूस काठावर वेगळा असावा, बोट चालवणाऱ्याच्या डोक्यावर ते देऊ नये, समोर म्हातारी हात जोडून उभी असली की त्याच्याच्यानं नाही म्हणवत नाही.

पेट्रोलचा हिशेब तीन भागाचा, एक जायला, एक यायला, एक शिल्लक. ४० एचपीचं टू-स्ट्रोक फुल थ्रॉटलला ढोबळमानानं तासाला १५ लिटरच्या आसपास पितं, म्हणजे भरलेली २५ ची टाकी दोन तास पण नाही, आणि धारेच्या उलट जाताना थ्रॉटल फुलच लागतो. सांगलीला आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ धोका, तो आकडा वर चढत असताना आणि उतरत असताना नदी वेगळी वागते, निघायच्या आधी कोयनेतनं किती सोडलंय हे विचारून घ्या. कोण गेलं, किती माणसं, कुठं आणि किती वाजता परत, हे काठावरच्या माणसाकडं कागदावर.

सुटताना बोटीचं तोंड धारेच्या वर, आधी खालच्या अंगाचा दोर सोडायचा, मग इंजिनवर बोट जाग्यावर धरून वरचा. दोर आत ओढून घेतल्याशिवाय गिअरवर जोर नाही, स्वतःचाच दोर स्वतःच्याच पंख्यात गेलेला मी एकदा नाही तीनदा बघितलाय. काठाला लागताना पण तोंड वरच. आणि मधेच इंजिन गेलं तर पहिला हात दोरीला नाही, नांगराला. नांगर टाकला, बोट थांबली की मग शांतपणे स्क्रू, पंप, कनेक्टर, क्लिप, ह्याच क्रमानं.

परत आल्यावर गाळाच्या पाण्यात चाललेलं इंजिन स्वच्छ पाण्याच्या ड्रममध्ये दहा मिनटं चालवायचं आणि ठेवणीला टाकायचं असेल तर शेवटी टाकीचा पाइप काढून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. हे गेल्या वर्षी केलं असतं तर तुझं निम्मं काम वाचलं असतं, असो.

तू आधी टोपणाचा स्क्रू बघ, पेट्रोल बदल, मग गिअर ऑइल सोड आणि कसल्या रंगाचं निघालं ते मला कळव. पांढरं निघालं तर नदीवर नेऊ नको, सील बदलायला लागेल.